सावलीत ठेवलेलं सोलर: पांढुर्णा, सौसर, रामाकोना

शेवटचा पेपर झाला त्याच दुपारी मी डिपार्टमेंटमध्ये गेले आणि सरांना म्हटलं, "सर, लॅबमधलं एक सोलर पॅनल मला गावाला न्यायचं आहे."

सरांनी चष्मा काढला. एवढी महाग वस्तू, तीही कॉलेजची, आणि मागतेय कोण तर थर्ड इयरची मुलगी. पण मी तयारीनिशी गेले होते. माझी सुशीला मावशी रामाकोन्याजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत बाई आहे आणि संध्याकाळी बुद्धविहारात बायकांचा प्रौढ शिक्षण वर्ग घेते. विहारात वीज नाही. गावात खांब आलेत, पण सात वाजता गेलेली लाइट नऊला येते आणि वर्ग नेमका सात ते नऊ. दोन कंदिलांवर पुढच्या दोन ओळींना फळा दिसतो, मागच्यांना मावशीचा फक्त आवाज ऐकू येतो. तीस बायकांची नावं होती, अकरा उरल्या. उन्हाळा संपेपर्यंत संख्या वाढली नाही तर वर्ग बंद, असं वरून सांगितलंय.

सर म्हणाले, "ठीक आहे. रोज सकाळ-संध्याकाळ बॅटरीचं रीडिंग लिहायचं. सात दिवस नीट चाललं तर पॅनल वर्षभर तिथेच राहील. नाही चाललं तर परत येताना बरोबर घेऊन यायचं."

तर शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये माझा हा प्रवास सुरू झाला. सामान म्हणजे पस्तीस वॉटचं पॅनल (साडेतीन फूट लांब, दीड फूट रुंद), दोन छोट्या ट्यूब, एक व्होल्टमीटर आणि आईनं दिलेला चिवडा.

नागपूरहून पांढुर्ण्याला मेन लाइनची पॅसेंजर पकडा. तिकीट दहा रुपयांच्या आत आहे, वेळ मात्र गाडीच्या मनावर. जाताना डाव्या खिडकीत बसू नका, तिथे दुपारचं ऊन येतं. मी बसले आणि भाजून निघाले. समोरच्या आजींनी पॅनलकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "काय होय व बाई हे? आरसा म्हणावं तर तोंड दिसत नाई."

"आजी, याच्यातून वीज होते."

"अन् हे कोन्या कारखान्यातून येऊन राहिलं?"

"नाही, उन्हातून."

आजींनी खिडकीबाहेर पाहिलं, घाम पुसला आणि म्हणाल्या, "मंग आमच्याकडं तर लय पडून आहे."

पांढुर्णा स्टेशनवर मावसाजी आले होते. मावसाजी म्हणजे मावशीचे यजमान. त्यांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. बोलणं कमी, हात मोठे आणि खांद्यावर कायम ओला दुपट्टा. पहिलं त्यांनी पॅनलला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "लय तापलं हे पोरी." मला वाटलं, माझी विचारपूस करतील. तर त्यांनी नळावर दुपट्टा भिजवून पॅनलवरच पांघरला.

संत्रामंडीजवळ त्यांच्या ओळखीच्या बॅटरीवाल्याकडे ट्रकची जुनी, पण नव्यानं बांधलेली बॅटरी तयार होती. पांढुर्ण्यात थांबलात तर मंडी सकाळी लवकर बघा. मृगाच्या बहाराची शेवटची संत्री होती, ढिगाच्या ढीग, आणि वास असा की चहातही संत्रं लागतं. मंडीसमोरच्या टपरीवर तर्री टाकलेले पोहे खा. तिखट आहेत, डोळ्यांतून पाणी येईल, पण दुसरी प्लेट मागाल. बॅटरीवाले काका पॅनलची काच वाजवून म्हणाले, "बरं झालं, एप्रिलात आणली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात काच घेऊन कोनी फिरत नाई." गोटमार, म्हणजे पोळ्यानंतरची दगडफेकीची जत्रा, त्यांच्या दृष्टीनं सर्दी-पडशासारखी, दरसाल येणारी गोष्ट आहे.

पांढुर्णा-सौसर प्रायव्हेट बस. रस्ता म्हणजे खड्डे आणि मध्येमध्ये डांबर. कंडक्टरनं पॅनल टपावर टाकायला सांगितलं. मावसाजींनी नाही म्हटलं. "तीन सीट का टिकट लगेगा चाचा," कंडक्टर म्हणाला. मावसाजींनी पॅनल दोन गुडघ्यांमध्ये उभं धरलं आणि म्हणाले, "हे बसून कुठी आहे? उभंच आहे. उभ्याचं काय घेतं?" बस हसली आणि तिकिटं दोनच फाटली. सौसरला उसाचा रस, तिथून रामाकोन्याची बस, आणि पुढे तीन किलोमीटर बैलबंडी. पूर्ण वाट मावसाजी पॅनलवरचा दुपट्टा दर अर्ध्या तासानं बाटलीतल्या पाण्यानं ओला करत होते. मला ते फार गोड वाटलं. मी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, पण मला त्यात दुसरं काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडणी केली. विहाराच्या पत्र्यावर पिंपळाची गर्द सावली, म्हणून पॅनल शेजारच्याच मावसाजींच्या नर्सरीत, मोकळ्या जागेत विटांवर ठेवलं. वायर विहारात नेली. एक ट्यूब फळ्यावर, एक मागे. मावशीला मी सगळं समजावलं, सिलिकॉन, इलेक्ट्रॉन, व्होल्टेज. मावशीनं वहीत लिहून घेतलं. मावसाजी तेव्हा कलमांना पाणी देत होते.

संध्याकाळी सातला ट्यूब लागल्या आणि पंधरा बायका आल्या. पहिल्याच दिवशी चार जास्त. मागच्या ओळीत अंजनाबाई बसल्या. मजुरीला जाणाऱ्या, पन्नाशीच्या, दोन महिन्यांपूर्वी वर्ग सोडलेल्या. मावशीनं त्यांना फळ्यावरची बेरीज विचारली.

अंजनाबाई फळ्याकडे बघत म्हणाल्या, "कंदील होता तोवर बरं होतं बाई. दिसत नाई म्हनलं की सुटली. आता कोनता बहाना सांगू?"

सगळ्या हसल्या. आणि तेव्हाच मागची ट्यूब लाल पडली. साडेआठला दोन्ही गेल्या.

मला वाटलं, पहिला दिवस आहे, बॅटरी पूर्ण चार्ज नसेल. दुसऱ्या दिवशी आठ वीसला गेल्या. तिसऱ्या दिवशी आठला. चौथ्या दिवशी पावणेआठला, आणि बायका नऊच आल्या. मी वायर तपासली, जोड पुन्हा पिळले, बॅटरीत पाणी बघितलं. सकाळी निघताना पॅनल लख्ख उन्हात असायचं. पाचला परत यायची तेव्हाही उन्हात. मधल्या वेळात मी मावशीच्या शाळेत बसायचे आणि शाळा सुटली की तिच्याबरोबर घरोघरी जायचे, बायकांना बोलवायला. मावशी दारात म्हणायची, "लाइट आली आता, ये ना," आणि बाई म्हणायची, "आली, पण टिकून कुठी राहिली?"  आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. रात्री मी वहीत ११.८ लिहायचे आणि सरांचा चेहरा आठवायचे.

पाचव्या दिवशी मावशीच्या शाळेत मीटिंग होती. मी एकटीच रामाकोन्याच्या बाजारात जाऊन, कन्हान नदीचं उरलंसुरलं पाणी बघून, उन्हाला घाबरून बारालाच परतले.

पॅनल दिसेना. जिथे पॅनल होतं तिथे चार काठ्या, वर गवताची तट्टी आणि भोवती ओलं पोतं. मावसाजी उकिडवे बसून पोत्यावर पाणी शिंपडत होते.

"मावसाजी, हे काय करून राहिले तुम्ही?"

"सावली करून राहिलो," ते म्हणाले, जणू मी विचारायची गरजच नव्हती. "बाहेरून आलेलं कलम पहिल्या आठ-दहा दिवसांत दुपारच्या उनात नाई ठेवत. सकाळचं चालते, संध्याकाळचं चालते. दुपारी करपते. नागपुरातून आलं हे, गाडीत हलत-डुलत. जरा मुरू दे म्हनलं, मंग टाकू पूर्ण उनात. हात लाव, कसं गार आहे आता."

रोज अकरा ते चार. चार दिवस झाले.

मला रडू येत होतं की हसू, ते कळत नव्हतं. मी खाली बसले आणि त्यांना सांगितलं, यावेळी सिलिकॉनशिवाय. हे ऊन खातं. ऊन नसलं की उपाशी. आणि दुपारचं ऊन म्हणजे याचं मुख्य जेवण.

मावसाजींनी तट्टी एका हातानं उचलून बाजूला ठेवली.  मग म्हणाले, "म्हणजे ऐन जेवणाच्या टायमाले मीच ताट ओढून घेऊन राहिलो होतो."

त्या दिवशी ते दुपारी जेवले नाहीत. मावशीनं दोनदा हाक मारली. मला स्वतःचीच लाज वाटत होती. ज्या माणसाच्या जागेत मी पॅनल ठेवलं, त्यालाच काही सांगायचं मला सुचलं नव्हतं. वहीत लिहून घेईल त्यालाच समजावायचं, अशी आपली शाळेतली सवय.

संध्याकाळी मावशी वही बघून म्हणाली, "बेबी, या चार दिवसांपुढं ढग होते म्हणून लिही ना. तुझ्या सरांले काय समजते इथलं आभाळ?"

मी पेन उघडलं होतं. खरं सांगते, लिहिलं असतं.

"नाई," मावसाजी दारातून म्हणाले. "माझं नाव लिही. ढगाले कायले बदनाम करतं?"

मग मी लिहिलं: 'अकरा ते चार सावली. कारण: मावसाजींनी नवीन कलम समजून जपलं.'

सहाव्या दिवशी उठून बघते तर पॅनल विटांवर नव्हतं. मावसाजींनी पहाटे बांबूचा कंबरभर उंच मांडव बांधला होता, दक्षिणेकडे उतरता, खालून मोकळा. "पूर्ण ऊन खाऊ दे. पण खालून हवा लागली पाहिजे, नाई तर कोनालेही ताप येते." त्या संध्याकाळी ट्यूब नऊपर्यंत टिकल्या. सातव्या दिवशीही. बायका सतरा झाल्या. अंजनाबाईंची बेरीज चुकली, पण त्यांनी ती शेवटच्या आकड्यापर्यंत पूर्ण केली.

मात्र सातपैकी दोनच दिवस चांगले. सरांच्या अटीप्रमाणे पॅनल परत न्यायचं होतं. आठव्या दिवशी सकाळी ते गावातच ठेवून मी आणि मावसाजी सौसरच्या पोस्टात गेलो आणि नागपूरला ट्रंक कॉल लावला. सर नाही म्हणाले तर मावसाजी गावी परतून पॅनल पोत्यात बांधणार आणि दुसऱ्या दिवशी मला आणून देणार, असं ठरलं होतं. दीड तासानं लाइन मिळाली. मी ओरडून आकडे सांगितले. "अकरा पॉइंट आठ सर, मग अकरा पॉइंट सात, आता बारा पॉइंट सहा." खिडकीतले पोस्टाचे बाबू काळजीनं ऐकत होते. त्यांनी मावसाजींना हळूच विचारलं, "पेशंट कोन आहे? ताप उतरून राहिला की चढून राहिला?"

"चढून राहिला," मावसाजी म्हणाले. "मी सावली काढली तवापासून."

सावलीची गोष्ट मी सरांना जशीच्या तशी सांगितली.   मग सर म्हणाले, "खालून हवा ठेवली का त्यांनी? बरोबर केलं. तापलं की व्होल्टेज पडतं, हे तुम्हाला मी शिकवलं होतं. पॅनल राहू दे. पण मला वर्षभर रोजचं रीडिंग हवं. कोण लिहिणार?"

मावशी म्हणावं तर शाळेतून थकून येते, मावसाजींना आकडे नीट दिसत नाहीत. कॉलची तीन मिनिटं संपत आली होती. मी म्हटलं, "वर्ग लिहील सर."

परत येताना सौसरहून नागपूरच्या इतवारी स्टेशनची छोटी गाडी घ्या. लोधीखेड्यावरून, सावनेरवरून, बैलगाडीशी बोलत चालते. घाई असेल तर बस आहे, पण घाई असेल तर इकडे येताच कशाला? मावसाजींनी डब्यात संत्र्याची दोन कलमं चढवून दिली, मुळांना ओलं पोतं बांधून. म्हणाले, "आठ दिवस दुपारी सावलीत ठेवजो. या कलमायले खरंच लागते."

घरी येऊन आता अडीच महिने झाले. एवढ्या प्रवासातून काय राहिलं, असं मैत्रिणी विचारतात. पोह्यांची तर्री राहिली, मंडीचा वास राहिला. आणि समजावून सांगताना आधी समोरचा काय काम करतो ते बघायचं, हेही.

परवा मावशीचं पाकीट आलं. आत जून महिन्याचा तक्ता, तीस ओळी, तीस बायकांची वेगवेगळी हस्ताक्षरं. काही आकडे उलटे, काही दोन ओळींत पसरलेले. पावसाळ्यात बरेच दिवस ११.९. एकोणीस तारखेला आकड्यापुढं कारणाच्या रकान्यात लिहिलंय, 'आज खरंच ढग होते. अंजना.'

सरांनी तक्ता दोनदा वाचला, फाइलला लावला आणि मला म्हणाले, "हे रीडिंग मी मान्य करतो."