मृत्युपत्रावरची डावी सही

माझे चुलते फौजेतून सुभेदार होऊन घरी आले होते. दर दिवाळीआधी ते ट्रंकेतून आपलं मृत्युपत्र काढून वाचत. जवानाच्या किटाची तपासणी होते तशी कागदाचीही व्हावी, असं त्यांचं मत. वाचायचे फक्त, बदलायचे नाहीत.

१९७०नंतरच्या वर्षांत मी साताऱ्यात एका कचेरीत कारकून होतो. एका दिवाळीला रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी गेलो, तेव्हा त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला. घर चुलतीला लिहिलेलं, आणि ती वारून चार वर्षं झालेली. बैलजोडी वाटेकऱ्याला, तोही वारलेला; जोडीतला एक बैल मेला होता आणि दुसरा चुलत्यांनी स्वतःच बाजारात विकला होता. चुलतीच्या मागं घर आणि विहिरीकडचा ऊस मला.

"या कागदात जित्ता असा तूच उरलायस," चुलते म्हणाले. "आन् मला रोज भाकरी घालती तिचं नावच न्हाई."

ती म्हणजे माझी आत्या. विधवा झाल्यावर सासरी कुणी ठेवून घेतलं नाही, म्हणून भावाकडं आलेली. चुलत्यांनी डोळे मिटले की तिचं छप्पर माझ्या मर्जीवर. माझ्या मर्जीवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तसं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. नवा मजकूर त्यांनी त्याच दिवशी लिहिला: घर आणि विहिरीकडचा ऊस आत्याला, उरलेलं जिराईत मला.

अडलं ते साक्षीदारांवर. जुन्या कागदावर सही केलेले दोघंही त्या दिवाळीआधी, एकाच वर्षात गेले होते. दोघांनीही पंचाहत्तरी ओलांडली होती, पण गावानं हिशोब वेगळा मांडला. सुभेदारांच्या कागदावर सही म्हणजे वरचं बोलावणं. चुलते खिशाला पेन लावून पारावर आले की पार रिकामा व्हायचा. एक जण तर बहिणीला भेटायला म्हणून आटपाडीला गेला आणि उन्हाळा संपेपर्यंत आलाच नाही.

शेवटी पावसाळ्यात गावचा न्हावी तयार झाला, आणि दुसरा साक्षीदार म्हणून चुलत्यांनी मलाच गावी बोलावून घेतलं. न्हाव्याला लिहिता येत नव्हतं. "आंगठा सगळ्यांचा सारखाच दिसतुय. यमाला काय कळतंय कुणाचा हाय त्यो," असं तो मला हळूच म्हणाला. मला ते पटलं. पण मी शिकलेला, अंगठा कसा उठवणार? चुलते न्हाव्यासाठी शाईची गादी आणायला आत गेले, तेवढ्यात मी पेन डाव्या हातात धरलं आणि सही केली. शेणात पाय बुडवून कोंबडी कागदावरून जावी, तशी ती उमटली. यमानं ही सही घेऊन कितीही चौकशी केली तरी तो माझ्या दारात येणार नव्हता. तरीही पुढं दीड वर्ष साताऱ्यात मला शिंक आली तरी घाम फुटायचा.

दीड वर्षानं गेले ते चुलतेच. तलाठ्यांनी न्हाव्यालाही बोलावलं, आत्याच्या ओसरीवर बसून दोन्ही कागद पाहिले आणि माझा जबाब लिहून त्याखाली माझी सही घेतली. मग कितीतरी वेळ ते एकदा या सहीकडं, एकदा त्या सहीकडं बघत राहिले.

"ही सही तुमची नाही," ते म्हणाले. "साक्षीदार दोन लागतात. हा कागद टिकणार नाही. मग जुनाच धरायचा. म्हणजे सगळं तुमचंच की."

आत्यानं चहा आणून ठेवला होता. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी कप उचलला आणि पूर्ण संपेपर्यंत एक अक्षर बोललो नाही. कप खाली ठेवल्यावर म्हणालो, सही माझीच आहे. उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं, म्हणून डाव्या हातानं केली. न्हाव्यानं लगेच दुजोरा दिला. नखुरडं केवढं होतं ते त्यानं लिंबाएवढं करून दाखवलं. घर आणि ऊस आत्याच्या नावावर चढला. ठणकत्या अंगठ्यानं साक्ष देणारा पुतण्या म्हणून गावात माझा मान वाढला. पुढची दहा वर्षं भेटेल तो आधी माझ्या अंगठ्याची खुशाली विचारायचा.

आत्यानं मात्र एकदा भाकरी थापताना मला गाठलं. "सही केलीस त्या दिवशी माझ्या हातचा रस्सा वरपून चार भाकरी खाल्ल्यास रं, उजव्याच हातानं. नखुरडं असतं तर बोंबलला नसतास व्हय?" मग मी तिला यमाचं सांगितलं. ती इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

"आन् तलाठ्याम्होरं गप बसलास त्ये थाप जुळवत हुतास, न्हाई का?"

मी हो म्हणालो. तेही खरं नाही. थाप मला कप खाली ठेवताना, तिच्याकडं नजर गेल्यावर सुचली. त्याआधी, तो चहा पिताना, विहिरीवर जुनंच इंजिन ठेवावं की नवी मोटार बसवावी, याचा मी विचार करत होतो. आणि मोटारच बसवायची, असं माझं ठरलंही होतं.