न लागलेली भूक

दोन वर्षांपूर्वी पर्युषणाच्या दहा दिवसांत मी एकाशन धरलं होतं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं. अकराव्या दिवशी पारणं झालं, घरच्यांनी खिरीचा चमचा तोंडात घातला आणि मला कळलं की भूक अशी लागलेलीच नाही. खीर गोड होती, एवढं समजलं. पुढं काही वाटलं नाही.

मग मी एकाशन तसंच चालू ठेवलं. हा माझा लबाडपणा. आमच्या बोरगावात, जैनांच्या घरात, न जेवणाऱ्या बाईला कारण कुणी विचारत नाही. उलट वाकून नमस्कार करतात. माझ्या ते पथ्यावर पडलं. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेले की बायका आपल्या पोरींना माझा दाखला द्यायच्या. मला त्यांचा राग यायचा, पण रागवायचंही अंगात बळ नसायचं.

निपाणीच्या शाळेत मी गणित शिकवते. सकाळी स्कूटर लावली की दहा-पंधरा मिनिटं नुसती तिथंच उभी राहायचे. वह्यांचे गठ्ठे साचत गेले आणि वड्याचं तेल वांग्यावर, तसं सातवीच्या वर्गावर निघत राहिलं. आमचे कारकून दुपारी कन्नडमध्ये विचारायचे, "ऊटा आयता?" जेवण झालं का, ही इकडची रोजची विचारपूस. मी "आयतु" म्हणजे झालं म्हणायचे, आणि त्या एकाच जेवणाचा जवळजवळ भरलेला डबा घरी नेऊन म्हशीच्या घमेल्यात ओतायचे.

एका संध्याकाळी सासूबाईंनी ते पाहिलं. पन्नास वर्षं अष्टमी-चतुर्दशीचा उपास करणारी बाई. अन्न टाकल्याबद्दल आता बोलणी बसणार असं मला वाटलं. पण घमेल्याकडे बघून त्या म्हणाल्या,

"उपासात भूक लागती गं. ती सोसायची असती. तुला लागतच न्हाय, मग तू सोडलंस काय?"

मी गोठ्यातच खाली बसले. किती दिवसांनी रडू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला निपाणीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्तात काही सापडलं नाही. बाई म्हणाल्या, रिकाम्या पोटातलं एक संप्रेरक मेंदूला भूक कळवतं, चरबीतलं दुसरं पुरे झालं म्हणून सांगतं, आणि या निरोपांचा मनाच्या उभारीशीही संबंध असावा. माझ्या बाबतीत मनानं भूक मारली की उपाशी राहून मन खचलं, हे त्यांना सांगता येईना. त्यांनी उदासीवरच्या गोळ्या दिल्या आणि व्रत बंद करायला लावलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर, एवढंच विचारलं.

व्रत सोडल्याचं कळल्यावर बस्तीत दोघीतिघींनी नाकं मुरडली. मुरडोत. मी दीड-दोन महिने गोळ्या गिळत आणि भाकरीचा घास तोंडात घोळवत काढले.

मग एक दिवस दिवेलागणीनंतर वह्या तपासताना पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. ती भूक होती. ओळखायला मला थोडा वेळच लागला. पण सूर्य मावळला होता, आणि मावळल्यावर आमच्या घरात कुणी जेवत नाही. सासूबाई तर पाणीही पीत नाहीत. मी त्यांना सांगितलं आणि सकाळपर्यंत थांबते म्हणाले. खरी भीती वेगळी होती. सकाळपर्यंत ती निघून गेली तर?

सासूबाई उठल्या. त्या स्वतः या घरात सून म्हणून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी अंधार पडल्यावर स्वयंपाकाला हात लावला. भाकरी गरम केली, मुगाची आमटी वाढली आणि ताट माझ्यापुढं ठेवून समोर बसल्या.

"खा. ह्याचं प्रायश्चित्त म्हणून उद्या मी उपास करीन. मला भूक लागती."

दुसरी भाकरी मी मागून घेतली.