मामांच्या हातातली गुणगुण

ज्या पेशीवर मी चार वर्षं पीएचडी करतेय, तिच्यामुळेच आज सकाळी माझे मामा गेले.

आणि थोडे माझ्यामुळे. तेही लिहिणार आहे.

मामांचं पिशोरला मोटर रिवायंडिंगचं दुकान. मोटर उघडायच्या आधीच नुसता कान लावून तिचं दुखणं सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी किडन्या गेल्या. डायलिसिससाठी त्यांच्या डाव्या हातातली शीर धमनीला जोडली. त्याला फिस्टुला म्हणतात. तिथून रक्त इतक्या जोरात धावतं की बोट ठेवलं की गुणगुण लागते.

मामा रोज सकाळी मला फोन करायचे आणि फोन त्या हाताला लावायचे.
"ऐक. मोटर चालू हाय."

अशी शीर आतून का बुजते, हाच माझा विषय.

एकदा त्यांना समजावलं होतं. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्मूथ मसल सेल्स असतात. त्या मुळात तशा नसतात. शेजारच्या पेशी केमिकल सिग्नल देतात, तेव्हा कुठे त्या शिकतात, की आपण आकुंचन पावायचं, भिंत धरून ठेवायची. लॅबमध्ये डबीसारख्या प्लेटमध्ये मी त्यांना तेच सिग्नल देऊन शिकवते. सिग्नल बिघडले की काम सोडतात आणि नुसत्या वाढत सुटतात.

"म्हंजी कारागीर काम इसरला, अन् दुकानात गर्दी करून बसला."
"अगदी तसंच, मामा."
"मंग तुज्या डबीतल्या पेशी तुजं ऐकत्यात. माज्या हातातल्या का नाय ऐकत?"

 

तीन आठवड्यांपूर्वी, शनिवारी, त्यांचा फोन आला.
"पोरी, आवाज बारीक झालाय. बेरिंग सुकल्यावानी."

याचा अर्थ मला पक्का माहीत होता: शीर बुजत चाललीय. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं होतं.

पण माझ्या प्लेटचा सातवा दिवस होता. त्या दिवशी पेशींना दुसरा सिग्नल द्यावा लागतो, नाहीतर त्या भरकटतात आणि सगळं पहिल्यापासून. लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "सोमवारी डायलिसिसला येणारच आहात ना, तेव्हा दाखवू."
"बरं. तू म्हणतीस तर बरं."

रविवारी गुणगुण थांबली.

सोमवारी शिरेत अडकलेली रक्ताची गाठ निघाली नाही. दुसऱ्या हातात घेण्यासारखी शीर नव्हती. मग डायलिसिससाठी मानेत नळी घातली, नळीतून इन्फेक्शन झालं, ताप आला. तो उतरलाच नाही.

माझ्या पेशी मात्र झकास झाल्या. मायक्रोस्कोपखाली छान आकुंचन पावतात. सरांनी फोटो थिसिससाठी बाजूला काढून ठेवलाय.

'तुझ्या संशोधनातून उद्या कुणाचा तरी जीव वाचेल' असं कृपया कमेंटमध्ये लिहू नका. माझा त्यावर विश्वास उरलेला नाही.

दुपारी सगळं आटोपल्यावर घरी बसलो होतो. चूल बंद, शेजारणीनं चहा आणून दिला. मामी येईल त्याला सांगत होती, "भाचीनं लई केलं त्यांचं. ती म्हणंल तसंच वागले शेवटपर्यंत."

मी मान खाली घालून चहा पीत राहिले. 

मामीला मोबाइलवर वाचता येत नाही. आज ना उद्या कोणीतरी तिला ही पोस्ट वाचून दाखवेल.

दाखवा.

मामा, तुम्ही माझं ऐकलंत. ऐकायला नको होतं.

शेवटचा नमस्कार.