एका फाइलीत दोन याद्या

चंद्रपूरच्या आमच्या ऑफिसात एकच सर्व्हर होता आणि त्यावर दोन कामं चालायची. एक जंगल सफारीच्या पर्यटकांसाठी मोहर्लीच्या काही होमस्टेंचं बुकिंग, दुसरं कुरखेड्याकडच्या एका धान खरेदी केंद्रावर रांग लावणाऱ्या शेतकऱ्यांच्या नंबरांची यादी. पटकन लागणारी माहिती सर्व्हरच्या मेमरीत ठेवतात. त्या जागेला आम्ही कॅशे म्हणतो. दोन्ही कामांची कॅशे एकच होती. ती भरली की बराच वेळ कोणी न विचारलेली नोंद आपोआप काढून टाकायची. मोहर्लीच्या खोल्या मुंबई-हैदराबादहून दिवसभर विचारल्या जात. धानवाला सकाळी एकदा नंबर लावायचा आणि आपल्या पोत्यांजवळ बसून राहायचा. जागा कमी पडली की नोंद जायची ती त्याचीच.

हे लक्षात आलं तेव्हा मी मालकांना दोन पानी टिपण दिलं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. जंगल हक्काच्या, खाणीविरोधातल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या घरी बांधले जात; मला अक्षरओळख त्यांवरच झाली. जबाबदार कोण हे ज्यात लिहिलेलं नाही ते पत्रक वाटायचं नाही, असा घरचा नियम होता. टिपणातही मी तो पाळला आणि जबाबदार म्हणून मालकांचंच पद लिहिलं. मालक शहरातल्या जुन्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या घरातले. आम्ही त्यांना भाई म्हणायचो. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि हे कोणाच्या दारावर चिकटवायचं आहे, असं विचारलं. नवा सर्व्हर मिळणार नाही, म्हणाले, पण याच सर्व्हरवर दोन वेगळ्या कॅशे चालव. मोहर्लीला जास्त मेमरी लागेल, हे त्यांचं म्हणणं मी मानलं नाही. निम्मी-निम्मी वाटली. पर्यटकाला खोली दिसायला दोन सेकंद जास्त लागले तर लागू देत, असं मी तेव्हा म्हणाले आणि आजही म्हणते.

दुसरी कॅशे उभी करणं अवघड नसतं. पहिलीच्या सेटिंगची फाइल कॉपी केली, पोर्ट म्हणजे जोडणीचा क्रमांक बदलला, मेमरीची मर्यादा बदलली, सुरू केली. नंबर गायब होणं थांबलं. दहाबारा दिवस मी स्वतःवर खूश होते.

मग एका दुपारी लाईट गेली. वीज केंद्राच्या शहरात लाईट जाते याचं बाहेरच्यांना नवल वाटतं, आम्हाला नाही. बॅटरीही बसली आणि सर्व्हर बंद पडला. लाईट आल्यावर दोन्ही कॅशे सुरू झाल्या. पाच मिनिटांत केंद्रावरच्या कारकुनाचा फोन आला की आज सकाळचा एकही नंबर दिसत नाही. मी धानाची कॅशे उघडून पाहिली. आत सफारीच्या जिप्सीतल्या जागा होत्या आणि ‘दोन पलंग, शाकाहारी जेवण’.

लाईट गेली की मेमरी रिकामी होते. म्हणून प्रत्येक कॅशे दर काही मिनिटांनी आपली प्रत डिस्कवरच्या एका फाइलीत उतरवते. त्या फाइलीचं नावही सेटिंगमध्येच असतं आणि ते बदलायचं मी विसरले होते. इतके दिवस दोघी एकाच फाइलीवर आळीपाळीने लिहीत होत्या. शेवटी मोहर्लीने लिहिलं, आणि लाईट आल्यावर दोघींनी तेच वाचलं.

दिवसाची यादी संध्याकाळी कायमच्या नोंदीत जायची. तोवर ती फक्त कॅशेत असायची. कागदाची चिठ्ठी देणं केंद्राने त्याच हंगामात बंद केलं होतं, तेही आमच्या सल्ल्यावरून. खरेदी शनिवारी संपणार होती. पुन्हा शेवटी नंबर लागला तर धान परत न्यावं लागणार होतं.

कारकुनाने फोन एका बाईंच्या हातात दिला. नदीपलीकडच्या गावातून भाड्याच्या ट्रॅक्टरने त्या सकाळीच आल्या होत्या.

“मले सात नंबर भेटला होता. आता हा भाऊ म्हनते, मशीनमंदी नाई. मी का मशीनले धान इकाले आली?”

मागून कारकून सांगत होता की सात नंबर सांगणारे इथे तिघं आहेत.

केंद्राला सर्व्हर बंद होता एवढंच कळवावं, असं भाईंचं मत पडलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. “बेटा, कागदावर कबूल केलं तर पुढच्या हंगामाचं काम गेलं समज.”

मी लिहिलं. आज सकाळची यादी माझ्या चुकीमुळे गेली. लोकांकडे पुरावा नाही, कारण चिठ्ठी बंद करायला आम्हीच सांगितलं. ते तोंडी सांगतील त्यावरून यादी पुन्हा करावी. खाली नाव, पद, सही. भाईंनी ते वाचलं. मग खणातून ऑफिसचा शिक्का काढून दिला. शिक्क्याशिवाय तिकडे कोणी मानणार नाही, म्हणाले. मी पत्राचा फोटो पाठवला. कारकुनालाही वर दाखवायला काहीतरी हवंच होतं.

बऱ्याच जणांना आपला आकडा नीट आठवत नव्हता. पण पोती उतरवताना आपल्या पुढे कोण होता आणि मागे कोण, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. कारकुनाने तसं विचारत विचारत यादी बांधली. सात सांगणाऱ्या तिघांपैकी दोघांची पोती पार मागे, भिंतीपाशी निघाली. तिसऱ्या त्या बाई, पण त्याही सातव्या नव्हत्या. त्यांच्या पुढच्या म्हाताऱ्याने आपल्या भावाचा ढीग वेगळा नंबर म्हणून धरायला लावला, त्यावरून त्याचं आणि बाईंचं चांगलंच वाजलं, आणि शेवटी त्या आठवर राजी झाल्या.

तोवर मी दोन कॅशेंना दोन फाइली दिल्या होत्या. कारकून नवी यादी भरत होता. बाईंनी पुन्हा फोन मागून घेतला.

“अन् पुन्हा लाईट गेली तं?”

आता नंबर जाणार नाही, असं मी सांगितलं.

“मंग घालवून पाहा ना. मी इथीच बसून आहो.”

भाई म्हणाले, शनिवारपर्यंत हात लावू नको. मी कारकुनाला आधी सगळी यादी कागदावर उतरवून घ्यायला सांगितली, दोन्ही फाइली लिहिल्या गेल्याची खात्री केली, मागच्या खोलीत गेले आणि सर्व्हर बंद केला. पुन्हा सुरू व्हायला त्याने त्याचा वेळ घेतला. फोन चालूच होता. पलीकडे कोणी खोकत होतं, कोणी पोतं ओढत होतं. मग कारकुनाने पडद्यावरून वाचलं: आठ, बाईंचं नाव, बत्तीस पोती.

“एकतीस,” बाई म्हणाल्या. “एक फाटलं, ते बाकीच्यात टाकलं.”

कारकुनाने आकडा बदलला. शुक्रवारी त्यांचं धान मोजलं गेलं.