फिटरकाकांची सळई

फिटरकाकांकडे हातभर लांबीची एक लोखंडी सळई होती. तिचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं आणि डोळे मिटायचे, एवढीच त्यांची तपासणी. बाकीचे फिटर झाकणं उघडत बसलेले असायचे, तोवर काका सांगून मोकळे व्हायचे, "दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह सैल आहे." चाळीस वर्षांत हे निदान इतक्या क्वचित चुकलं की जुनी डिझेल गाडी घेणारा माणूस आधी काकांना घेऊन जायचा. बाजारात त्यांचं नावच 'कान' पडलं होतं. "कान आहेत का घरी?" असं कुणी दारात येऊन विचारलं, तरी काकूंना त्यात वावगं वाटत नसे.

गेल्या वर्षापासून मात्र त्या प्रश्नाला उत्तर देताना काकू अडखळत.

आधी कुकरनं चुगली केली. शिट्ट्यांवर शिट्ट्या होत आणि शेजारी बसलेले काका निवांत पेपर वाचत. मग दारावरची बेल, मग फोन. विचारलं की म्हणत, "येतं सगळं ऐकू. लक्ष द्यावंसं वाटत नाही, एवढंच." लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर हे उत्तर खोटंच आहे, असं छातीठोकपणे म्हणताही येत नाही.

एका दुपारी काकू बाहेरून आल्या, तर काका त्यांच्या खरखरणाऱ्या शिलाई मशीनसमोर ओणवे झालेले. सळईचं एक टोक मशीनवर, दुसरं चक्क दातांत. काकूंना बघताच सळई खाली आली.

"दात कोरत होतो," काका म्हणाले.

त्या संध्याकाळी मशीन लोण्यासारखं चालायला लागलं. दातांच्या डॉक्टरांनी सगळे दात काढून कवळी बसवायला सांगितलं होतं आणि काका तीनदा तारीख चुकवून बसले होते. त्याचं कारण काकूंना त्या दिवशी कळलं. काका आता दातांनी ऐकत होते.

त्यांच्या लेकीचा धंदा जरा जगावेगळा. ती वाढलेली झाडं मुळांच्या गड्ड्यासकट उचलून टेकड्यांवरच्या बंगल्यांत नेऊन लावायची. जुनी गाडी चढाला रडायची, म्हणून आता तिला मागे ट्रेलर ओढणारा दणकट पिकअप हवा होता. जुन्या गाड्यांच्या यार्डात दोन मनात भरले होते, एक सहा सिलिंडरचा, एक आठचा. वहीत तिनं ताकद, टॉर्क, किती टन ओढेल, सगळे आकडे समोरासमोर मांडले होते. मन आठवर बसलं होतं.

"चढेल गं," काकू म्हणाल्या, "पण मागे चार टनांचं झाड घेऊन उतरेल कशी?"

"उतारावर इंजिनच गाडीला धरून ठेवतं, आई. एक्झॉस्ट ब्रेक असतो. दोन्हींत आहे."

"आणि तिथंच इंजिन दगा देऊन गेलं तर?"

"म्हणून तर बाबांना नेतेय."

काकू पर्स घेऊन गाडीत बसल्या, न बोलावता.

यार्डात पोचताच काकांनी बॉनेटवर तळवा ठेवला. "आम्ही यायच्या आधी चालवलीत. निवू द्या. गार इंजिनच खरं बोलतं." यार्डवाल्याला तोंड वाकडं करून तासभर चहा पाजावा लागला. मग आठवाली सुरू झाली. धूर नाही, हिसका नाही. काकांनी सळई कानाशी धरली आणि डोळे मिटले.

काकू इंजिनाकडे नव्हे, नवऱ्याकडे बघत होत्या. खोट सापडली की काकांची डावी भुवई वर जायची. आज ती जागची हलली नाही. सभ्य माणूस नको त्या कार्यक्रमाला बसावा, तसा तो चेहरा होता.

"झकास आहे," काका म्हणाले. "घेऊन टाक."

"कानांनी पास केली म्हणजे प्रश्न मिटला," यार्डवाला म्हणाला. लेकीनं वही बंद केली.

बोलावं, तर चाळीस वर्षांचं नाव संध्याकाळपर्यंत बाजारात धुळीला मिळणार. न बोलावं, तर पोर त्या उतारावर. काकू हळूच म्हणाल्या, "अहो, दातांत धरून बघा." काका हसून मान डोलवत राहिले, कारण त्यांना ऐकूच आलं नव्हतं. मग काकूंना तेच वाक्य इंजिनाच्या वरताण आवाज चढवून म्हणावं लागलं. पलीकडे टायर बदलणारी माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

काकांनी बायकोकडे बघितलं. मग लेकीकडे. सळई बाहीला पुसून त्यांनी दातांत धरली. अर्धं मिनिट गेलं आणि डावी भुवई वर गेली.

"उजव्या रांगेतला तिसरा. डिझेल फवारणारा इंजेक्टर ठोकतोय."

"कानाला नाही लागलं ते दातांना लागलं?" यार्डवाला म्हणाला.

काकांनी वाकून तिसऱ्या इंजेक्टरची वायर काढली. इंजिन जरा थरथरलं, पण आतापर्यंत त्याच्या आवाजात दडलेली टकटक थांबली. वायर लावली, टकटक सुरू. आता ती सगळ्यांनाच ऐकू आली, एका माणसाखेरीज.

"किरकोळ आहे हो, काका," यार्डवाला ओरडून म्हणाला.

"किरकोळ आहे तोवर सापडलेलं बरं. पिस्टन फुटल्यावर कान लागत नाहीत."

लेकीनं रुमालानं सळई स्वच्छ पुसली आणि बाबांना तोंड दिसेल अशी समोर येऊन म्हणाली, "आता सहावाली बघा."

सहावालीपाशी काका बराच वेळ दात रोवून उभे राहिले. भुवई जागेवरच राहिली, पण या वेळी चेहरा कामात होता. "ताकद थोडी कमी," ते म्हणाले, "पण मनात काही ठेवून बोलत नाही."

काकूंनी मात्र टेकडीवरून उतरून बघितल्याशिवाय होकार दिला नाही. वरची कडी दोन्ही हातांनी धरून त्या बसल्या. इंजिन गुरगुरलं आणि गाडी शहाण्या म्हशीसारखी पावलापावलानं खाली आली.

घरी येताना लेक मोठ्यानं म्हणाली, "बाबा, कानाला यंत्र घेऊ या."

"ते इंजिनाला टेकवता येतं का?"

"नाही. आईचं ऐकायला."

काकांनी काकूंकडे बघितलं. मग म्हणाले, "घेऊ. ती आज ओरडली ते बरं नाही वाटलं." सोमवारी काकूंनी दातांच्या डॉक्टरांना स्वतः फोन करून कवळीची तारीख रद्द केली.

बाजारात बातमी पोचली होतीच. आठ दिवस दाराशी कुणी फिरकलं नाही आणि काका सळईला तेल लावत बसले. नवव्या दिवशी सकाळी एक ट्रकवाला आला.

"काकू, कान आहेत का घरी?"

"आहेत," काकू म्हणाल्या. "बसा, दात घासताहेत."