ग्रुडचा आवाज

आमच्या रविवारच्या टोळीचा एक किस्सा काढला की दुसरा त्याच्या मागे रांगेत उभाच असतो. परवा नवऱ्याला एकच सांगायला बसले आणि गॅसवरचं वरण करपलं! तो म्हणाला, "मंजिरी, एकदाचे सगळे सांगून टाक, म्हणजे निदान उद्या नीट जेवू."

टोळी चौघांची. शाळेतून रिटायर झालेल्या शुभाताई, सुदामा नगरातलं घर त्यांचं. बँकेतून रिटायर झालेले बापट सर. नागपूरचा सॉफ्टवेअरवाला नीलेश. आणि मी, नाशिकहून इथे इंदूरच्या कॉलेजात शिकवायला आलेली. उद्योग एकच: पाच जाडजूड खंडांची एक इंग्रजी फँटसी रविवारी सकाळी एकत्र बसून मोठ्याने वाचायची. त्यात काळी राणी, जळणारी गावं, विश्वासघात, आणि या सगळ्यातून एकमेकांची टिंगल करत चाललेले चार मित्र.

नियम कडक. कोणी पुढे वाचायचं नाही! पुस्तकं शुभाताईंच्या कपाटात आणि किल्ली त्यांच्या कमरेला. नीलेशने एकदा मोबाइलवर शेवट शोधला, तर त्या दिवशी त्याच्या प्लेटमध्ये नुसते पोहे आले. "गद्दार को जलेबी नहीं मिलती, भिया!" शुभाताई म्हणाल्या. इंदुरात बाई असो की बुवा, सगळे 'भिया'च. बिचारा आमच्या जिलब्यांकडे बघत बसला.

*

त्या चार मित्रांतला एक ग्रुड. डोंगराएवढा, खादाड आणि महाभित्रा. बाकीचं आम्ही आळीपाळीने वाचायचो, पण ग्रुड फक्त शुभाताईंचा. तो बोलायला लागला की इंग्रजी संपायचं आणि इंदूर सुरू व्हायचं. आवाज असा की गल्लीच्या टोकाचा भाजीवाला वळून बघायचा.

राणीचं सैन्य समोर आलं आणि शुभाताई गरजल्या, "मरना तो है ही भिया, पर खाली पेट कौन मरता है? पहले पोहे बुला लो!"

नीलेशने पुस्तकात डोकावलं. "ताई, इथे फक्त 'ग्रुड घाबरला' एवढंच लिहिलंय."

"अरे, मग घाबरल्यावर माणूस काहीतरी बोलेल ना!"

*

बापट सरांना रक्तपात अजिबात सोसत नाही. तलवार निघाली रे निघाली की सर झारी घेऊन गॅलरीत. तिथून मधूनमधून विचारणार, "झालं का मारून? येऊ का?"

तिसऱ्या खंडात लढायाच लढाया. तो संपेपर्यंत शुभाताईंची तुळस जास्त पाण्याने कुजून गेली. "राणीने एवढी माणसं मारली," शुभाताई म्हणाल्या, "आणि माझी तुळस मारली बापटांनी!"

सरांनी पुढच्या रविवारी नवं रोप आणलं. त्यालाही चौथ्या खंडात धोका होताच.

*

चौथ्या खंडात ग्रुड मेला. मित्रांना वाट मिळावी म्हणून तो भित्रा माणूस एकटा पूल अडवून उभा राहिला आणि पुलासकट खाली गेला. शुभाताई हुंदके देऊन रडल्या, मी रडले, नीलेश डोळ्यांत पोह्यांवरचा जीरावन मसाला गेला म्हणाला. सर गॅलरीत रडले.

थोड्या वेळाने शेजारच्या पागे काकू दारात. हातात झाकलेलं पातेलं, चेहरा उतरलेला. भिंतीपलीकडून त्यांना "गेला हो आपला ग्रुड!" एवढंच ऐकू आलं होतं. सुतकाच्या घरी चूल पेटायची नाही म्हणून माउलीने घाईघाईने पिठलं-भात करून आणला होता!

खरं काय ते सांगायची कोणाची छाती होईना. मुकाट्याने जेवलो. पुढच्या रविवारी पहिल्याच पानावर ग्रुड नदीतून जिवंत बाहेर आला.

"आता?" सर म्हणाले. "पिठलं परत करायचं का?"

*

पाचव्या खंडाचं शेवटचं प्रकरण उरलं, आणि शुभाताईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, काढून टाकू, पण आवाज पूर्वीसारखा येईल याची खात्री देता येत नाही.

आम्ही म्हटलं, ऑपरेशनच्या आधी उरकून टाकू. ताई ऐकेनात. "तो शेवट मी वाचणार. परत आल्यावर." किल्ली बरोबर घेऊन गेल्या.

जाताना मात्र माझा हात धरून म्हणाल्या, "मंजू, जन्मभर याच आवाजावर वर्ग सांभाळले गं. हाच गेला तर मी कोण उरले?" मी नुसती त्यांची पिशवी धरून उभी राहिले.

*

ऑपरेशन झालं. बोलायची सक्त मनाई. तरी आम्ही रविवारी जायचो, पोहे खायचो, ताई खुणा करायच्या. घर एकदम गप्प. पागे काकू कंपाउंडच्या भिंतीवरून वाकून बघायच्या आणि आत जायच्या.

मग डॉक्टरांनी परवानगी दिली आणि ताईंनी कपाट उघडलं. ग्रुडचं वाक्य आलं. ताईंनी छाती भरून श्वास घेतला, आणि बाहेर आली ती नुसती कुजबुज. फाटकी, चिंधीसारखी. त्या थांबल्या. पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

मी ते परत त्यांच्या मांडीवर ठेवलं. "ग्रुड तुमचा आहे."

नीलेशने पंखा बंद केला. बापट सर उठले. राणीची तलवार निघाली होती, म्हणून वाटलं, चालले गॅलरीत. पण ते येऊन ताईंच्या पायांशी जमिनीवर बसले. गॅलरीतून काही ऐकू आलं नसतं. मग आम्हीही खाली बसलो, अगदी जवळ, आणि ताईंनी त्या कुजबुजीत शेवटच्या पानापर्यंत वाचलं. संपलं तेव्हा चौघंही रडत होतो. कोणाला ते लपवावंसंही वाटलं नाही.

रडणं ऐकून थोड्या वेळाने दारात पागे काकू. हातात झाकलेलं पातेलं. आमच्या तोंडांकडे बघत त्यांनी विचारलं, "आता... कोण गेलं हो?"

शुभाताईंनी डोळे पुसले. छाती फुगवली. आणि त्या एवढ्याशा आवाजात म्हणाल्या, "कोई नहीं गया, भिया. पर खाली पेट कब तक बैठेंगे? पातेला इधर लाओ!"