परत येण्याची कारणं

व्हिसा नाकारल्याचं पत्र मुलीने मला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मी नवापूरच्या आठवडे बाजारात सुके बोंबील घेत उभी होते.

"आई, तू घरी गेलीस की फोन कर," ती आधी म्हणाली.

"आत्ताच सांग. मी उभीच आहे."

तिने इंग्रजीत वाचलं, मग मराठीत समजावलं. त्यांच्या देशात गेल्यावर मी परत माझ्या देशात येईन असं मानायला पुरेशी कारणं अर्जात दिसत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. समोरची बोंबीलवाली विचारत होती, पाव किलो की अर्धा. मी तिला पैसे दिले, थोड्या वेळाने पुन्हा दिले, आणि बोंबील न घेताच चालू लागले. ती बिचारी मागून धावत आली, "सिस्टर, ओ सिस्टर!"

इकडे मला सगळे सिस्टरच म्हणतात. गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या डोंगरातल्या गावांमध्ये मी सरकारी नर्स होते. नोकरीची सगळी वर्षं एकाच उपकेंद्रावर गेली. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, आणि गाडी वेळेवर पोचली नाही तर तिथल्या तिथे बाळंतपण. किती बाळं या हातांवर आली ते मी कधी मोजलं नाही. आता त्यांतल्या काहींची लग्नं झाली आहेत. रस्त्यात कुणी तरणाताठा गडी मोटरसायकल थांबवून म्हणतो, "सिस्टर, बसा, सोडतो," तेव्हा मी त्याच्या कपाळाकडे बघून ओळखायचा प्रयत्न करते की हा कुणाचा.

निवृत्त झाले आणि पायांना काही सुचेना. सकाळी आठ वाजले की ते आपोआप उपकेंद्राच्या वाटेला लागत. तिथे नवी नर्स आली होती, चांगली पोरगी. दोन-तीनदा मी गेले तेव्हा तिने खुर्ची दिली, चहा मागवला. चौथ्यांदा तिच्या चेहऱ्यावर दिसलं की मी तिचं रजिस्टर तपासायला आले आहे असं तिला वाटतंय. मग मी जाणं बंद केलं. घरी तूर निवडायची, परत निवडायची. भांडी फळीवरून काढून पुन्हा लावायची. नवरा शेतावरून येऊन म्हणायचा, "आज परत सगळं हलवलंस?"

अशातच मुलीचा फोन आला होता की तिला दिवस गेले आहेत. तीही नर्स आहे, आयर्लंडमध्ये एका वृद्धाश्रमात काम करते. जावईही तिथेच नोकरीला. ती लहानपणापासून माझ्यासारखीच हट्टी, कुणाकडे काही मागायची नाही. त्या दिवशी मात्र म्हणाली, "आई, येशील?"

मी हो म्हटलं, ते तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत.

पासपोर्ट निघाला. चौकशीला पोलीस मोटरसायकलवर गावात आला तेव्हा त्याला पाणी द्यायला अर्धं गाव जमलं. अडचण आली ती नावाची. शाळेच्या दाखल्यावर माझं आडनाव एक, सेवापुस्तकात त्याचं शेवटचं अक्षर गळलेलं, बँकेत तिसरंच. नवापूरला ऑनलाइन अर्ज भरून देणारा एक दुकानदार आहे. मूळचा शहाद्याकडचा, अहिराणी बोलतो. त्याने माझे कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि म्हणाला, "सिस्टर, तुमनं नाव तीन जागे तीन परकारनं शे."

"मग आता?"

"व्हई जाई. प्रतिज्ञापत्र करी टाकू."

तहसील कचेरीतून प्रतिज्ञापत्र झालं. मुलीने तिकडून निमंत्रणाचं पत्र, तिच्या घराचे आणि पगाराचे कागद पाठवले. फाइल घेऊन मी एकटीच मुंबईला अर्ज केंद्रात गेले. खिडकीतल्या मुलीने कागद चाळले आणि विचारलं, "परत येण्याची कारणं सांगणारं पत्र नाही का यात?"

"लागतं का ते?"

"सक्ती नाही. लावलेलं बरं असतं."

रांगेत माझ्यामागे माणसं होती, परतीची गाडी पकडायची होती. मी म्हटलं, "नको, असू दे." माझ्या मनात आलं, परत येणार नाही तर जाईन कुठे? घर इथे, नवरा इथे. ते काय लिहून द्यायचं? चूक माझीच होती. आयुष्यभर मी बायांना सांगत आले की कार्डावर नोंद नसेल तर टोचलेली सुईसुद्धा टोचली नाही असंच धरतात.

म्हणून तो नकार आला. बाळंतपणाला दोन महिने उरले होते.

त्या बाजारातून मी एसटीने न जाता चालत निघाले. अर्ध्या वाटेत कुणीतरी गाडीवर घेतलं. घरी पोचले तेव्हा नवरा अंगणात बसून बैलाच्या दोराला गाठी मारत होता. मी उभ्या उभ्याच त्याला सगळं सांगितलं. आम्ही घरात मावची बोलतो, इथे मी मराठीत लिहिते आहे, पण त्या दिवशीचं बोलणं माझ्या कानात अजून आमच्याच बोलीत आहे.

त्याने हातातली गाठ घट्ट ओढली. मग म्हणाला, "तू येशील ना परत?"

मला हसूच आलं. "तुला काय वाटतं, मी तिकडे राहीन?"

"मला काही वाटत नाही. पण इतक्या लांबच्या साहेबाला तसं वाटलं, तर कागदात त्याला काहीतरी दिसलं असेल."

"कागदात कमी होतं, म्हणून."

"हं," तो म्हणाला आणि पुन्हा दोराकडे वळला.

मी परत आले, हे आधीच सांगून टाकते. तीन महिने राहून ठरल्या दिवशी आले. पण त्या संध्याकाळी त्याने विचारलं तेव्हा मी उलटा प्रश्न केला, 'येईन' असं सरळ म्हटलं नाही. मला खरोखर जायचं होतं, आणि ते नुसतं मुलीसाठी नव्हतं. निवृत्तीनंतरच्या त्या दिवसांत हे अंगण, ही फळी, ती तूर, सगळं मला गळ्याशी आल्यासारखं व्हायचं. कुठेतरी लांब, जिथे मला कुणी सिस्टर म्हणणार नाही, जिथे सकाळी आठला कुठे जायचं हे मला ठाऊक नसेल, अशा जागी जाऊन बघावं असं वाटे. मुंबईत त्या खिडकीपाशी मनात आलं तेवढंच, त्यापलीकडे परत यायचा विचार मी केलाच नव्हता. नवऱ्याला ते कळलं होतं का, मला माहीत नाही. तो कमी बोलणारा माणूस आहे.

मुलीने दुसऱ्या अर्जाची तयारी सुरू केली. "आता कारणांचं पत्र नीट लिही," ती म्हणाली. तिने इंटरनेटवरून एक नमुना पाठवला. माझी येथे स्थावर मालमत्ता आहे, माझे येथे सामाजिक संबंध आहेत, असलं त्यात होतं. तो नमुना बाजूला ठेवून मी वहीचं पान घेतलं आणि लिहायला बसले. घर. तीन एकर जमीन, भात आणि तूर. पेन्शन. चर्चच्या महिला मंडळाची मी खजिनदार. दोन गाई, त्यांतली एक गाभण. पाच ओळींत संपलं. पुन्हा उठले, पाणी प्यायले, अंगणात फेऱ्या मारल्या, पुन्हा बसले. नवऱ्याचं नाव मी कारणांत कितव्या क्रमांकावर घालू, यावर माझा अख्खा तास गेला. शेवटी पहिल्यावर घातलं. मग वाटलं, हे साहेबाला दाखवायला घातलं की खरं आहे म्हणून? पान फाडलं आणि नव्याने लिहिलं. तरी तेच आलं.

दुकानदाराचं म्हणणं पडलं की नवऱ्याचंही एक पत्र जोडावं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "मला काय लिहिता येतंय." तो सातवी शिकलेला आहे. दोन दिवसांनी मी मंडळाच्या बैठकीला गेले होते, तेवढ्यात तो स्वतः नवापूरला जाऊन दुकानदाराकडे कागद देऊन आला. मला दाखवला नाही.

मी पत्र वाचलं ते दुकानात. इंग्रजी भाषांतर छापून झालं होतं आणि मूळ कागद बाजूला पडला होता. मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलेला.

"माझी बायको तीन महिने मुलीकडे जात आहे. मुलीचे बाळंतपण आहे. मी घर व शेत बघतो. माझी हरकत नाही. नोकरीत ती रोज सकाळी डोंगरात जात असे. पावसात नदीला पूर असला तरी जात असे. पण ती रोज घरी आली. एखाद्या दिवशी उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी आली. म्हणून ती येईल."

"काकानी भारी लिखेल शे," दुकानदार म्हणाला.

मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिले. संध्याकाळी घरी आले. जेवताना एवढंच म्हणाले, "पत्र पोचलं."

"बरं," तो म्हणाला.

दुसरा अर्ज गेला आणि खरी तगमग सुरू झाली. पासपोर्ट त्यांच्याकडे, मी इथे. आमच्या घरात फोनला रेंज येत नाही. त्यासाठी चर्चच्या मागच्या टेकाडावर जावं लागतं. दिवसातून चार-चार वेळा मी त्या टेकाडावर चढायचे. मोहाची फुलं वेचणाऱ्या बाया विचारायच्या, "सिस्टर, आला का कागद?" मी नकारार्थी मान हलवायचे. त्यांना व्हिसा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण कागद यायची वाट बघणं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. एक म्हातारी म्हणाली, "पोरीकडे जायला एवढा कागद? आम्ही तर गाठोडं उचलून बारडोलीला ऊसतोडीला जातो." हद्द ओलांडायला आम्हाला कधी कुणी काही विचारलं नव्हतं, हे खरंच होतं.

मुलीचे दिवस भरत आले. मी फोनवर तिला सारखी विचारायचे. पाय सुजले का, डोकं दुखतं का, बाळ किती वेळा हलतं. ती वैतागायची. "आई, मी पण नर्स आहे." मी पुढच्या फोनला पुन्हा तेच विचारायचे.

एका दुपारी टेकाडावर पोचले तर जावयाचे तीन फोन येऊन गेलेले. मी लावला. तो म्हणाला, कळा सुरू झाल्या आहेत, आत नेलं आहे. मग फोन कट झाला. मी तिथेच उन्हात उभी राहिले. बसावंसं वाटेना. इतक्या बाळंतपणांना मी खोलीच्या आत असायचे. दाराबाहेर नवरे, सासवा, आया येरझाऱ्या घालायच्या आणि मी दार किलकिलं करून ओरडायचे, "बसा ना एका जागी!" बाहेरच्यांचं काय होतं ते त्या दिवशी मला कळलं. टेकाडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी किती वेळा गेले ते देवाला माहीत. नवरा पाण्याची बाटली घेऊन वर आला. त्याने मला बस म्हटलं नाही. माझ्याबरोबर चालत राहिला.

उन्हं कलली तेव्हा फोन आला. मुलगी झाली होती. तिचं रडणं जावयाने फोनवर ऐकवलं. सणसणीत, मोकळं रडणं. छाती साफ आहे, एवढं मला त्यावरून कळलं, आणि मग मी खाली बसले.

व्हिसा त्यानंतर पंधरा दिवसांनी आला. दुकानदाराने पाकीट फोडून पान उघडलं, माझं नाव अक्षर-अक्षर तपासलं आणि मग माझ्या हातात दिलं. मी गेले तेव्हा नात सव्वा महिन्याची झाली होती.

तिथल्या विमानतळावर काचेमागच्या अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी आलात, किती दिवस, घरी कोण आहे. वाटेत घोकून ठेवलेलं इंग्रजी मी सांगितलं. घरी कोण, याला मात्र घोकलेलं उत्तर विसरले आणि म्हणाले, "माय हजबंड. ही इज वेटिंग." त्याने शिक्का मारला.

बाहेर मुलगी उभी होती, आधीपेक्षा बारीक, डोळ्यांखाली काळं. तिने बाळ माझ्या हातात दिलं. लोक ढकलगाड्या घेऊन आमच्या बाजूने जात होते. मी तिथेच, त्या गर्दीत, दुपटं बाजूला करून आधी बेंबी पाहिली. कोरडी, स्वच्छ, नीट भरून आलेली. कुणीतरी नाळेचं काम चांगलं केलं होतं. मला बरं वाटलं आणि थोडा हेवाही वाटला.

"आई," मुलगी म्हणाली, "आधी तिचं तोंड तरी बघ."